देवळांतील बालकंठ : उपासनेंत मुलांचें स्थान व गीतांची गोडी

महोत्सवाच्या प्रसंगीं प्रत्येक धर्मग्राम आपला हिशेब मांडावयास बसतो. देवळाची कोनशिला कधीं बसली, कोणकोणत्या फादरांनीं येथें सेवा केली, किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, हें सर्व वह्यांतून काढून क्रमवार लिहिलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु एका गोष्टीची नोंद कोणत्याही वहींत सांपडत नाहीं. कोणत्या रविवारीं कोणत्या मुलानें प्रथम तोंड उघडून प्रभूचें गीत म्हटलें, आणि तें गीत पुढें आयुष्यभर त्याच्याबरोबर कसें राहिलें, हें लिहून ठेवणारा चिटणीस अद्याप जन्मास यावयाचा आहे. या स्मरणिकेच्या कांहीं पानांत आम्ही त्या न नोंदलेल्या इतिहासाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें : मुलाला गीताची गोडी पुस्तकानें लागत नाहीं, बक्षिसानें फारशी लागत नाहीं, आणि धाकानें तर मुळींच लागत नाहीं. उपासनेंत त्याला खरेंखुरें काम मिळालें, त्याच्यावांचून कांहीं अडूं लागलें, म्हणजे ती लागते. ख्रिस्तसभेचा इतिहास चाळतां असें दिसतें कीं, जेव्हां जेव्हां मुलांना असा वांटा मिळाला तेव्हां तेव्हां गीत जगलें, आणि त्या गीतानें मोठ्यांची श्रद्धाही जगविली.

गीत कसें शिकलें जातें हें पाहण्यासाठीं खानदेशाबाहेर जाण्याचें कारण नाहीं. दक्षिणेस तापी व उत्तरेस सातपुडा अशा या चोपडा तालुक्याच्या मुलखांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात. सांजवेळीं घरोघर जावयाचें, टिपऱ्यांच्या तालावर गावयाचें, आणि शेवटीं झांकून आणलेला खाऊ ओळखावयाचा, असा तो क्रम. आखाजीला झाडांना झोके बांधले कीं गौराईचीं गाणीं सुरू होतात. या गाण्यांची शाळा कोठेंही भरत नाहीं. पांच वर्षांची पोर थोरल्या बहिणीचा हात धरून जाते; पहिल्या वर्षीं ती नुसतें शेवटचें अक्षर ओढते, दुसऱ्या वर्षीं पालुपद धरते, आणि तिसऱ्या वर्षीं धाकटीला तीच शिकवूं लागते. जळगांवजवळच्या आसोद्यास १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां वाचतां येत नव्हतें. शेत आणि जातें हीच त्यांची पाठशाळा. त्या १९५१ सालीं वारल्या व पुढच्याच वर्षीं त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें निघालीं, तेव्हां एका निरक्षर बाईच्या कंठांत केवढा ठेवा होता हें साऱ्या महाराष्ट्रास कळलें. आम्ही हीं उदाहरणें त्या त्या सणांच्या पूजाविधींसाठीं देत नाहीं. कान, संगत आणि वांटा या तीन गोष्टींनीं गीत अंगीं मुरतें, एवढेंच आम्हांस त्यांवरून दाखवावयाचें आहे.

प्रभूच्या मंदिरांतही आरंभापासून हेंच घडत आलें आहे. संत मत्तयाच्या शुभवर्तमानांत एक प्रसंग आहे. प्रभू येशू यरुशलेमांत आले असतां मंदिरांत मुलें होसान्नाचा गजर करूं लागलीं. मुख्य याजक व शास्त्री संतापले. मुलांस गप्प करावें अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु प्रभूंनीं मुलांना आवरलें नाहीं. उलट आठव्या स्तोत्राचा आधार देऊन त्यांनीं मुलांचीच बाजू घेतली. त्या दिवशीं ज्यांना सारें शास्त्र पाठ होतें तीं माणसें कपाळाला आठ्या घालून उभीं होतीं, आणि ज्यांना फारसें कांहीं येत नव्हतें तीं मुलें गात होतीं, हें प्रत्येक देवळाच्या कारभाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें चवथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नांवाची एक स्त्री पश्चिमेकडून पवित्र भूमीच्या यात्रेस गेली. तिनें आपल्या भगिनींसाठीं लिहिलेलें प्रवासवर्णन आजही वाचावयास मिळतें. यरुशलेमच्या पुनरुत्थान मंदिरांत सायंप्रार्थनेच्या वेळीं उपयाजक लोकांचीं नांवें उच्चारी, आणि प्रत्येक नांवाला तेथें उभीं असलेलीं पुष्कळ लहान मुलें 'प्रभू, दया कर' असें ग्रीक भाषेंत उत्तर देत, असें ती सांगते. त्या मुलांना कोणीं शोभेसाठीं उभें केलें नव्हतें. ज्यांचीं नांवें वाचलीं जात त्यांच्यासाठीं दया मागण्याचें काम त्यांच्याकडे होतें. नवव्या शतकांत ओर्लेआंचे बिशप थिओडुल्फ यांनीं झावळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीसाठीं एक लॅटिन स्तोत्र रचलें. होसान्ना म्हणणाऱ्या मुलांचें त्यांत स्मरण आहे, आणि हजारांहून अधिक वर्षें तें ख्रिस्तसभेंत गाइलें गेलें आहे. लॅटिन मिस्साच्या काळांतली आपली रीतही आठवावी. १९६० नंतरच्या दशकांत मिस्सा लोकभाषेंत येण्यापूर्वीं, साध्या मिस्साच्या वेळीं याजकाला उत्तरें देत तीं बहुधा वेदीपाशीं गुडघे टेकलेलीं मुलें. त्या भाषेचा अर्थ त्यांना पुरता कळत नसे. परंतु साऱ्या मंडळीच्या वतीनें आपण बोलत आहों हें त्यांना कळत असे, आणि म्हणूनच तीं उत्तरें म्हातारपणींही त्यांच्या ओठांवर असत.

आतां आपल्या देशाकडे वळूं. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्यांतून हिंडत, मुलांना हांक मारीत, व त्यांना देवळांत नेऊन धर्मशिक्षणाचे पाठ चालीवर म्हणवून घेत. पुढें ते दक्षिणेस मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. तेथील मुलें, नव्या प्रार्थना शिकविल्यावांचून आपणांस जेवूं देत नाहींत व झोंपूंही देत नाहींत, असें त्यांनीं पत्रांत लिहिलें आहे. एकट्या माणसाला सर्व गांवीं पोंचणें अशक्य होतें. तेव्हां आजाऱ्यांच्या घरीं प्रार्थना म्हणावयास त्यांनीं मुलांनाच पाठविलें, आणि शाळेंत शिकलेलें घरीं जाऊन आईबापांना व शेजाऱ्यांना शिकवा, असें त्यांना सांगितलें. येथें मूल नुसतें शिष्य उरलें नाहीं. फादर जेथें पोंचूं शकत नव्हते तेथें तेंच धर्मशिक्षक झालें. ज्या मुलखांत एका फादरांना अनेक वस्त्या सांभाळाव्या लागतात, त्या मुलखानें ही गोष्ट केवळ संतचरित्र म्हणून वाचूं नये.

मराठी भाषेंतील आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाचा उगमही मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतच आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. ते २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास आले व आयुष्याचीं उरलेलीं सुमारें चाळीस वर्षें त्यांनीं तेथेंच वेंचलीं. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभींच ग्रंथ कां लिहिला याची कथा दिली आहे. रविवारच्या सायंप्रार्थनेची वेळ होती. साष्टीच्या किल्ल्यांतील देवळांत पाद्री मुलांना धर्माचे पाठ शिकवीत होते. तेथें आलेल्या एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणानें प्रश्न केला. तुम्हीं आमचीं जुनीं पुराणें बंद केलीं, मग त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं, असा त्याचा भाव होता. मुलांच्या वर्गांत विचारलेल्या त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून सुमारें अकरा हजार ओंव्यांचा ग्रंथ जन्मास आला. १६१६ सालीं तो राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला. रविवारीं व सणाच्या दिवशीं त्यांतील ओंव्या देवळांत म्हणत, व मंडळी ऐकत. ओंवी हा जात्यावरचा, पाळण्यावरचा छंद. मुलांच्या कानांना तो आधींच परिचित होता. फादर स्टीफन्स यांनीं त्या परिचित चालींत प्रभूची कथा ओतली.

या ग्रंथाच्या १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर मात्र छापखाना मुका झाला. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, गोव्याच्या लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावें. ज्या भाषेंत मूल स्वप्न पाहतें तिच्यावरच असा घाला पडला. 'ख्रिस्तपुराण' पुन्हां छापलें गेलें तें १९०७ सालीं, मंगळुरास. मध्यंतरीं २५३ वर्षें लोटलीं. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. मग ग्रंथ वांचला कसा? कोणीं हातानें नकला करून पेटींत जपून ठेवल्या, आणि घराघरांतून सांजवेळीं व उपासकाळांत वडील माणसें त्या म्हणत राहिलीं. मांडीवर बसलेल्या नातवंडांच्या कानांत त्या ओंव्या पडत गेल्या. कागद गेला व राजाज्ञा आली, तरी लहानपणीं कानीं पडलेली चाल हरपली नाहीं. देवनागरींत हा ग्रंथ छापून निघाला तो १९५६ सालीं, पुण्यास.

कोंकणपट्टीहून घाट चढून देशावर यावें, तर तेथेंही हाच अनुभव येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येशूसंघीय धर्मगुरूंनीं तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, खेड्यापाड्यांतून काम आरंभिलें. राहुरीजवळच्या केंदळ येथें फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं 'निरोप्या' हें मासिक सुरू केलें. पुढें ते पुण्याचे बिशप झाले. त्याच जिल्ह्यांत आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंमध्यें नारायण वामन टिळक यांची वाणी बहरली होती. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला महाराष्ट्र 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतो. त्यांनीं भजनें व अभंग रचिले ते लोकांच्या कानांत पूर्वींच घोळत असलेल्या चालींवर. परकी चाल आधीं शिकावी व मग भक्ति करावी, असा दुहेरी बोजा त्यांनीं कोणावर घातला नाहीं. त्यांचीं गीतें आज कॅथॉलिक देवळांतही प्रेमानें म्हटलीं जातात.

या कथेचा एक धागा आपल्या खानदेशांत येऊन पोंचतो. तापीपलीकडच्या धरणगांवीं १८९० सालीं त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म झाला. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें, त्यांत या सतरा वर्षांच्या मुलाच्या कवितेनें जाणत्यांना थक्क केलें, व तेथेंच त्याला 'बालकवि' हें नांव मिळालें. टिळकांनीं या मुलाला आपला मानलें. तो कांहीं काळ त्यांच्या अहमदनगरच्या घरीं राहिला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त त्याच्या आठवणी आहेत. ठोमरे कांहीं ख्रिस्ती झाले नाहींत, व तसा दावा कोणीं करूंही नये. परंतु जाणत्यांच्या भरल्या सभेंत एका मुलाला उभें राहून म्हणूं दिलें, आणि त्यांतून मराठी भाषेला तिचा एक थोर कवि लाभला, हें खानदेशच्याच भूमींत घडलें आहे.

आतां रोमकडे पाहूं. पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं पवित्र संगीताविषयीं आज्ञापत्र काढलें. मंडळीनें पुन्हां गावें ही त्यांची तळमळ त्यांत दिसते. १९१० सालीं त्यांनीं दुसरा निर्णय दिला : साधारण सातव्या वर्षीं, समज येतांच, मुलानें ख्रिस्तप्रसाद घ्यावा. त्यापूर्वीं पुष्कळ ठिकाणीं मुलांना दहा, बारा किंवा त्याहूनही अधिक वर्षांचीं होईपर्यंत थांबावें लागे. या निर्णयानें मूल प्रभूच्या भोजनास पाहुणा म्हणून न येतां घरचें म्हणून येऊं लागलें. परंतु १९०३ च्या त्याच पत्रांत एक मर्यादाही होती. उपासनेंतील गायकवृंद हें पुरुषांचें पद असल्यानें स्त्रियांना त्यांत स्थान नव्हतें, व उंच स्वरांसाठीं मुलगे घ्यावेत असें त्यांत सांगितलें होतें. खानदेशाच्या दृष्टीनें पाहतां हें मोठें विलक्षण वाटतें. जेथें भुलाबाईपासून जात्यापर्यंत गाण्याचा सारा ठेवा मुलींच्या व बायांच्या कंठांत, तेथें त्यांनाच गायकवृंदाबाहेर ठेवावयाचें! अर्थात् मंडळीबरोबर गाण्यास त्यांना मनाई नव्हती, आणि त्या गात राहिल्या. पोप बारावे पायस यांनीं १९५५ च्या पत्रांत गायकवृंदांत स्त्रियांना कांहीं अटींवर वाट मोकळी करून दिली. १९९४ सालीं मुलींना वेदीसेवेची परवानगी मिळाली. आज वेदीपाशीं मुलगा व मुलगी शेजारीं उभीं असलेलीं दिसतात, तेव्हां तें दृश्य किती उशिरां मिळालेलें आहे याची जाणीव ठेवावी.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेवरील संविधान प्रसिद्ध केलें. त्यांत मंडळीचें गायन वाढवावें, आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे त्यांच्या परंपरेला उपासनेंत योग्य स्थान द्यावें, असें स्पष्ट सांगितलें आहे. त्यापुढें १ नोव्हेंबर १९७३ रोजीं मुलांच्या मिस्साविषयीं स्वतंत्र मार्गदर्शिका निघाली. मोठ्यांच्या मिस्साला मुलें आलीं असतील तर त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊं नये. त्यांच्याशीं दोन शब्द थेट बोलावे. अर्पणें आणणें, एखादें गीत म्हणणें असें कांहीं काम त्यांच्याकडे सोंपवावें, असा त्या मार्गदर्शिकेचा आशय आहे. मंदिरांतल्या त्या मुलांना प्रभूंनीं जें दिलें, तेंच येथें नियमाच्या भाषेंत उतरलें आहे.

नियम झाले, आचरणाचें काय? १५ मे १९८७ रोजीं पुणें धर्मप्रांतांतून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, व खानदेशच्या जिल्ह्यांना जवळचें धर्मपीठ मिळालें. देवळें उभीं राहिलीं, बाजाची पेटी व तबला आला, ध्वनिक्षेपक आला. या सोयींनीं लाभ झाला तसें एक नुकसानही झालें, तें आम्ही सौम्य शब्दांत सांगूं. ध्वनिक्षेपकाजवळ चार चांगले कंठ उभे राहिले कीं बाकीचे कंठ आपोआप बंद होतात, आणि सर्वांत आधीं बंद होतात ते मुलांचे. कित्येक देवळांत आम्हीं पाहिलें आहे : मागच्या बाजूस एखादी चिमुरडी सर्वांच्या मागून एक अक्षर उशिरां, पण जीव ओतून गात असते, आणि कोणी वडील माणूस वळून डोळे वटारतें. तसे डोळे आम्हींही कधीं वटारले आहेत, हें कबूल करावयास हवें. ती पोर गप्प बसते. त्या दिवशीं देवळांत शांतता राहते खरी. पण दहा वर्षांनीं तीच मुलगी ओठ मिटून उभी राहिली, म्हणजे आपण म्हणतों कीं हल्लींच्या मुलांना भक्तीची आवड उरली नाहीं.

भाषेचा प्रश्नही लहान नाहीं. आपल्या भागांत कोणाच्या घरीं अहिराणी, कोणाच्या घरीं पावरी, तर कोणाच्या घरीं भिलोरी बोलली जाते. देवळांत ग्रांथिक मराठी, आणि शाळेंत कोठें कोठें इंग्रजी. गोव्याची १६८४ ची कथा आम्हीं वर सांगितली ती यासाठींच. येथें कोणी फर्मान काढलेलें नाहीं. परंतु मुलाच्या घरच्या बोलींत एकही गीत देवळांत ऐकूं आलें नाहीं, तर त्या बोलीला देवाच्या घरीं जागा नाहीं असें तें मनाशीं समजून बसतें. मराठी गीतें तर शिकलींच पाहिजेत. तीं साऱ्या महाराष्ट्राच्या मंडळीशीं आपणांस जोडतात. त्यांच्या जोडीला घरच्या बोलींतील एखादें गीत असलें तर मराठीचें कांहीं उणें होणार नाहीं.

मग करावें काय? फार मोठा खर्च लागेल असें कांहीं नाहीं. वेदीसमोरची पहिली चटई मुलांची असावी. जें दिसतें त्यांत मूल रमतें, पाठींमागें बसून मोठ्यांच्या पाठी पाहण्यांत तें रमत नाहीं. दर रविवारीं एक उत्तर किंवा एक पालुपद सर्वस्वीं मुलांकडे सोंपवावें, व तें मोठ्यांनीं आपल्याकडे घेऊं नये, जरी तें कधीं चुकलें तरी. महिन्याला एकच नवें गीत घ्यावें; तें कागद न देतां ओळीमागून ओळ कानानें शिकवावें. शिकवावयास नेहमीं पेटीवालाच हवा असें नाहीं. ज्या आजीबाईंना जुन्या चाली येतात त्यांना मुलांमध्यें बसवावें. आवाज चांगला नाहीं म्हणून कोणत्याही मुलास बाजूस काढूं नये. स्पर्धेंत निवड चालते, प्रभूच्या मंदिरांत ती चालत नाहीं. आणि मुलें जें शिकलीं तें त्यांनीं घरीं, जपमाळेच्या वेळीं, आजाऱ्याच्या उशाशीं म्हणावें. संत झेवियर यांनीं मुलांना हेंच काम दिलें होतें.

आम्हीं आजाऱ्याच्या उशाचा उल्लेख सहज केलेला नाहीं. माणूस अंथरुणाला खिळला, स्मरण क्षीण झालें, प्रियजनांचीं नांवेंही विसरूं लागला, तरी लहानपणीं शिकलेलें गीत बहुधा शेवटपर्यंत साथ देतें. ज्यांनीं आपल्या घरांतील वडील माणसांचा अंतकाळ पाहिला आहे त्यांना हें सांगावयास नको. तें गीत त्या घटकेला शिकवितां येत नाहीं. तें साठसत्तर वर्षें आधीं, सातव्या वर्षीं, कोणीतरी त्याच्या कानांत व त्याच्या स्वाधीन केलेलें असावें लागतें. आपण आज मुलांना गाऊं देतों तें केवळ आजच्या उपासनेची शोभा वाढावी म्हणून नव्हे. त्यांच्या त्या दूरच्या रात्रीसाठीं आपण शिदोरी बांधीत असतों.

या महोत्सवाच्या मिस्साला जें मूल सात वर्षांचें आहे, तें आजपासून पन्नास वर्षांनीं सत्तावन्न वर्षांचें असेल. त्या वेळीं येथें कोण फादर असतील, देवळाचा रंग कोणता असेल, हें आपल्या हातीं नाहीं. परंतु त्या दिवशीं त्याच्या मांडीवरच्या नातवंडाला तें कोणतें गीत शिकवील, हें बरेचसें येत्या रविवारीं आपण ठरविणार आहों. ज्या प्रभूंनीं मुलांना आपल्याजवळ येऊं दिलें, ते आपल्या मुलांचे कंठ उघडोत. आणि नाझरेथच्या घरीं बाळ येशूला पहिल्या प्रार्थना शिकविणारी पवित्र मरियामाता आपल्या घराघरांतील मातांना तोच वसा देवो.